काइटबोर्डिंग: क्विक रिलीज ठाऊक असूनही ऐन वेळी हात तिकडे का गेला नाही?

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात शहापूर भागात राहतो. गेल्या हंगामात उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर मी काइटबोर्डिंगचे, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या खेळाचे, प्राथमिक शिक्षण घेतले आणि यंदा एका ओळखीच्या व्यक्तीकडून नऊ चौरस मीटरची वापरलेली काइट आणि तिचा बार, म्हणजे ती हाताळायची दांडी, विकत घेतला; हार्नेस, म्हणजे हुक असलेला कमरेचा पट्टा, तेवढा नवा घेतला. रविवारी सकाळी निघून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी या मार्गाने दुपारपर्यंत मोरजीला पोचायचे, दुपारचा समुद्री वारा धरून दोन तास पाण्यात काढायचे आणि रात्री घरी परतायचे, असा आम्हा दोघा मित्रांचा क्रम आहे. मित्र स्वतः काइट उडवत नाही. तो लाँच आणि लँडिंगला मदत करतो.

दोन आठवड्यांपूर्वी पाण्यातून बाहेर येताना मी काइट सरळ डोक्यावर धरून मित्राची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात वाऱ्याचा एक मोठा सपाटा आला, माझे पाय क्षणभर जमिनीवरून सुटले आणि पुढे मी ओल्या वाळूवरून पंधराएक पावले फरफटत गेलो. त्या वेळी मी दोन्ही हातांनी बार घट्ट धरून छातीकडे ओढत होतो. काइट आपोआप वाळूवर आपटली म्हणून मी थांबलो. कोपर सोलवटले आणि खांदा अजून दुखतो. पण मला झोपेतून जागे करणारी गोष्ट वेगळीच आहे. मी जिथे थांबलो तिथून दहा पावलांवर दोन लहान मुले वाळूचा किल्ला करत बसली होती.

क्विक रिलीज, म्हणजे काइटच्या ओढीतून झटकन सुटका करणारा खटका, कुठे आहे आणि ते कसे ढकलायचे हे मला व्यवस्थित माहीत आहे. त्याच दिवशी दुपारी मी ते मित्राला समजावून सांगितले होते. तरीही प्रसंग आला तेव्हा त्याची आठवणसुद्धा झाली नाही. म्हणून जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. माहिती असूनही हात तिकडे का गेला नाही आणि तो जावा यासाठी काय करावे? वापरलेल्या बारचे रिलीज भरवशाचे आहे की नाही हे घरी कसे तपासावे? आणि दर वेळी गोव्याला जाण्याऐवजी बेळगाव जिल्ह्यातल्याच हिडकल जलाशयावर सराव केला तर तो अधिक सुरक्षित ठरेल का?

---

घाटवाट (निपाणी)

दादा, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिले हे फार चांगले केले, कारण असा प्रसंग आमच्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेला असतो आणि बहुतेक जण तो सांगत नाहीत. मी अकरा वर्षे हा खेळ खेळते आहे आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

तुमचा हात चुकला असे मी म्हणणार नाही. पडताना माणसाचा हात जे करतो तेच त्याने केले. बसने अचानक ब्रेक मारला की उभा असलेला प्रवासी समोरची दांडी घट्ट धरतो. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नाही. काइटच्या बाबतीत मात्र ही जन्मजात सवय उलटी पडते. बार आपल्याकडे ओढला की मागच्या दोन लाइन (काइटच्या दोऱ्या) ताणल्या जातात, काइटची मागची कड खाली येते, ती वाऱ्यासमोर अधिक उभी राहते आणि ओढ वाढते. म्हणजे घाबरलेला माणूस आधार म्हणून जी दांडी धरतो तीच दांडी त्याला आणखी जोराने ओढते, ओढ वाढली की तो आणखी घट्ट धरतो, आणि हे चक्र काइट कुठेतरी आपटेपर्यंत थांबत नाही. त्यातच सगळी ओढ हार्नेसच्या हुकावर असल्यामुळे हात दमत नाहीत, आणि दमून बार सुटून जाण्याची शक्यताही उरत नाही.

म्हणून सुटकेच्या तीन पायऱ्या त्यांच्या क्रमासह अंगवळणी पडल्या पाहिजेत. पहिली पायरी म्हणजे बार सोडून देणे. आजच्या बहुतेक काइटमध्ये एवढ्यानेच बार वर सरकतो आणि ओढ बरीच कमी होते. दुसरी पायरी म्हणजे चिकन लूपवरचे, म्हणजे बारखालच्या हार्नेसच्या हुकात अडकणाऱ्या कड्यावरचे, लाल रिलीज पुढे ढकलणे. त्यामुळे लूप उघडून हुकातून सुटते, बार एकाच फ्रंट लाइनवरून वर पळतो, बाकीच्या लाइन सैल पडतात आणि काइट कापडासारखी फडफडत खाली येते. या अवस्थेला आपल्याकडे सगळे ‘फ्लॅग होणे’ असेच म्हणतात. तिसरी पायरी म्हणजे सेफ्टी लीशचे, म्हणजे लूप सुटल्यावरही काइटला हार्नेसशी जोडून ठेवणाऱ्या पट्ट्याचे, स्वतंत्र रिलीज. ते ओढले की काइटशी तुमचा काहीही संबंध उरत नाही आणि ती वाऱ्याबरोबर निघून जाते. लाइन गुंतल्यामुळे काइट फ्लॅग झालीच नाही, किंवा ती गोल गोल फिरून ओढतच राहिली, तरच ही पायरी वापरायची. कारण मोकळी सुटलेली काइट आणि तिच्यामागून फरफटणाऱ्या वीस-बावीस मीटरच्या बारीक लाइन वाऱ्याच्या दिशेला असलेल्या माणसांना गंभीर जखमा करू शकतात. तुमच्या प्रसंगात ती दोन मुले त्याच दिशेला होती, हे लक्षात घ्या.

आता हात का जात नाही, याविषयी. माझ्या पाहण्यात त्याचे कारण विसरणे हे नसून लांबणीवर टाकणे हे आहे. रिलीज केले की लाइन गुंततात, बार पुन्हा जोडावा लागतो, निम्मी दुपार जाते आणि किनाऱ्यावरची माणसे पाहत राहतात. त्यामुळे ‘आत्ता सावरेल’ असे मन म्हणत राहते, आणि जो एक सेकंद हाताशी होता तो निघून जातो. म्हणून निर्णय त्या क्षणावर सोपवायचा नाही, तो घरूनच घेऊन निघायचा. माझा नियम असा आहे की जमिनीवर असताना मला नको असलेले एक पाऊल जरी काइटने मला टाकायला लावले, तर मी बार सोडते, आणि दुसरे पाऊल टाकायला लावले तर रिलीज ढकलते. त्या वेळी काइट फाटेल का, लोक काय म्हणतील, वारा आत्ता पडेल का, यातला कोणताही प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. आमच्या गटात जो लवकर रिलीज करतो त्याला आम्ही शाबासकी देतो आणि लाइन सोडवायला सगळे मिळून मदत करतो. नव्या मुलांच्या मनातला संकोच यानेच गेला.

सरावासाठी घरी हार्नेस घाला, खिडकीच्या मजबूत गजाला दोरी बांधून तिला बारची मधली लाइन जोडा, लूप हुकात अडकवा आणि थोडे मागे रेलून उभे राहा. घरातल्या कोणाला तरी तुमच्याशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायला सांगा आणि मध्येच, आधी न सांगता, ‘सोड’ असे म्हणायला सांगा. शब्द कानावर पडताच बार सोडायचा आणि खाली न पाहता रिलीज ढकलायचे. उजव्या हाताने जितक्या वेळा कराल तितक्याच वेळा डाव्या हाताने करा. रोज वीस वेळा, निदान महिनाभर. किनाऱ्यावर प्रत्येक लाँचपूर्वी, मदतनीसाला अंगठा दाखवण्याच्या आधी, एक हात रिलीजवर नेऊन ठेवायचा. डोळे मात्र काइटवरच हवेत. मी वाळूवर असेपर्यंत माझा एक हात रिलीजच्या जवळच असतो.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हा प्रतिसाद अपुरा राहील. तुमचा अपघात रिलीज न केल्यामुळे वाढला हे खरे, पण तो सुरू झाला काइट डोक्यावर धरून उभे राहिल्यामुळे. तिथे काइट शांत वाटते म्हणून नवशिके तिला तिथेच विसाव्याची जागा समजतात. प्रत्यक्षात सपाटा आला की तिथूनच माणूस वर उचलला जातो. किनाऱ्यावर काइट पाण्याच्या बाजूला आणि खाली, विंड विंडोच्या, म्हणजे काइट जिथे उडू शकते त्या हवेतल्या पट्ट्याच्या, कडेशी ठेवावी. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बारा नॉट, म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर, असलेला वारा अठरा नॉट झाला तर तो दीडपटच वाढलेला दिसतो, पण ओढ सव्वादोन पट होते. ज्या वजनाला तुम्ही रेलून तोलत होता त्याच्या दुपटीहून अधिक वजन एका श्वासात अंगावर येते.

---

उद्यमबाग

मी स्वतः काइट उडवत नाही. बावीस वर्षे उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे आणि माझा पुतण्या या खेळात पडल्यापासून त्याचे आणि त्याच्या मित्रांचे बार तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या कामाच्या अनुभवावरून देतो.

आमच्याकडे प्रत्येक प्रेसवर लाल टोपीचे इमर्जन्सी स्टॉप बटण असते. ते संकटासाठी आहे हे खरे, पण आम्ही ते पाळीच्या सुरुवातीला, सगळे सुरळीत असताना, रोज दाबून पाहतो. त्यात दोन हेतू असतात. बटण चालते का हे कळते आणि कामगाराचा हात तिथे जायला शिकतो. घाटवाट ताईंनी हाताविषयी लिहिले आहेच, मी बटणाविषयी लिहितो.

टेबलावर ठेवून रिलीजची नळी दोन बोटांनी सरकवली आणि ती सहज सरकली, यावरून काहीही सिद्ध होत नाही. आत जो खटका किंवा खुंटी लूप धरून ठेवते तिच्यावर काइटची ओढ आली की ती एका बाजूला दाबली जाते, आणि घर्षण या दाबाच्या प्रमाणात वाढते. म्हणून रिकामे असताना लोण्यासारखे चालणारे रिलीज भार आल्यावर अडू शकते. वाळूचा एकच कण त्या फटीत पाचरीसारखा बसला तरी तेवढे पुरते. म्हणून चाचणी भाराखालीच व्हायला हवी.

आपल्याकडच्या जुन्या घरांत तुळईला झोपाळ्याच्या कड्या असतात. त्यांपैकी एका मजबूत कडीला जाड दोर बांधा आणि त्याला बारची मधली लाइन जोडा. हार्नेस घालून लूप हुकात अडकवा आणि गुडघे वाकवून शरीराचा शक्य तितका भार दोरावर द्या. पाय जमिनीला टेकलेले असू द्या आणि खाली गादी ठेवा, म्हणजे सुटल्यावर फार तर चार बोटे खाली याल. मग एकाच हाताने, एकाच हालचालीत रिलीज ढकला. दहा वेळा उजव्या आणि दहा वेळा डाव्या हाताने. त्यानंतर नळी समुद्राच्या पाण्यासारख्या खारट पाण्यात बुडवून पुन्हा तितक्याच वेळा. वीसपैकी एकदा जरी दुसरा झटका द्यावा लागला तरी ते रिलीज नापास समजा. चाचणी तुमच्याच हार्नेसने करा, कारण लूप, त्यातून हुकाखाली अडकणारे प्लॅस्टिकचे बोट आणि हुकाचा आकार यांचे जमले पाहिजे. एका कंपनीचा बार आणि दुसऱ्या कंपनीचा हुक यांत लूप सुटताना अडखळते, असे मी स्वतः पाहिले आहे.

पाहणीत पुढील जागा सोडू नका: नळीच्या कडेला केसाएवढी चीर, खटक्याच्या टोकाची झीज, लूपच्या आतल्या दोराचा उसवलेला भाग, आणि बारच्या मधल्या भोकातून जाणारी डिपॉवर लाइन, म्हणजे बार वर-खाली सरकून ओढ कमी-जास्त करतो ती मधली लाइन. ही लाइन हजारो वेळा त्या भोकाला घासते. वरचे आवरण फाटून आतले धागे पिंजलेले दिसले तर ती बदलायला उशीर करू नका. सेफ्टी लाइन, म्हणजे लीश जिला जोडतात आणि रिलीजनंतर जिच्यावर काइट फ्लॅग होते ती लाइन, त्या भोकातून किंवा तिच्या स्वतःच्या मार्गातून पूर्ण लांबीभर अडथळ्याशिवाय पळते का, हेही हाताने ओढून पाहा. वरचे स्विव्हल (लाइनचा पीळ सोडवणारा फिरता जोड) वाळूने घट्ट झालेले असेल तर फ्रंट लाइन एकमेकींना पीळ घालतात आणि मग सेफ्टी लाइन पळायची तिथे पळत नाही.

प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुणे अत्यावश्यक आहे आणि ते मोरजीलाच करा. घाट चढून बेळगावात येईपर्यंत मीठ वाळून खडे होतात आणि मग तेच काम चौपट वेळ घेते. नळी पुढे-मागे करत पाणी आतून वाहू द्या. तेल किंवा ग्रीस मात्र लावू नका. आमच्या धंद्यातला माणूस कुरकुरणारी वस्तू दिसली की तेलाची बाटली उचलतो, पण इथे ते तेल पुढच्या खेपेला वाळू धरून ठेवते.

आणखी एक विनंती. खटका झिजला तर तो लेथवर अर्ध्या तासात करून देणारे माझ्यासारखे शंभर जण या शहरात सापडतील. कृपया करून घेऊ नका. धातू चांगला असेल, माप तंतोतंत असेल, पण त्या टोकाची गोलाई आणि पृष्ठभाग मूळ भागासारखाच आहे का, हे भाराखालच्या हजारो चाचण्यांशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. भाग उत्पादकाचाच घ्यावा. काइटबोर्डिंगच्या रिलीज यंत्रणेसाठी आयएसओ 21853 हे आंतरराष्ट्रीय मानक 2020 मध्ये आले. त्यापूर्वीचा प्रत्येक बार वाईट असतो असे नव्हे, पण तुमचा बार कोणत्या वर्षाच्या मॉडेलचा आहे हे शोधा आणि त्या मॉडेलच्या रिलीजविषयी उत्पादकाने पुढे काही सूचना किंवा बदली भाग जाहीर केला आहे का, ते त्याच्या संकेतस्थळावर जरूर पाहा.

---

शहापूरकर (बेळगाव)

ताई आणि उद्यमबाग सर, दोघांचेही मनापासून आभार. तुमचे लिखाण वाचून मी काल रात्री बार बाहेर काढला आणि मला एक गोष्ट खटकली. आधीच्या मालकाची लीश बरीच लांब आहे, ती हार्नेसला पाठीमागे अडकवलेली असते आणि तिचे दुसरे टोक सेफ्टी लाइनच्या कडीला नसून चिकन लूपवरच्या एका कडीला जोडलेले आहे. मी ती जशी मिळाली तशीच वापरत आलो. हे बरोबर आहे का?

---

घाटवाट (निपाणी)

दादा, ही जोडणी आज रात्रीच बदला. हिला खेळाडूंमध्ये ‘सुइसाइड मोड’ म्हणतात आणि ते नाव उगीच पडलेले नाही. हुक सोडून हवेत करामती करणारे निष्णात खेळाडू बार हातातून निसटला तरी काइट फ्लॅग होऊन खाली पडू नये म्हणून लीश अशी लावतात. या जोडणीत चिकन लूपचे रिलीज ढकलले तरी संपूर्ण बार, लूपसह, लीशच्या टोकाला लटकत राहतो. दोन्ही फ्रंट लाइन ताणलेल्या राहतात, त्यामुळे काइटची ओढ कमी होते पण संपत नाही आणि जोराच्या वाऱ्यात ती उडतही राहते. म्हणजे त्या दिवशी तुम्ही रिलीज ढकलले असते तरीही फरफट थांबली असतीच असे नाही. फक्त ओढ पोटाऐवजी पाठीकडून आली असती, आणि लीशचे रिलीज पाठीमागे चाचपडत शोधावे लागले असते.

तुमच्यासाठी आखूड लीश योग्य. ती हार्नेसला पुढच्या बाजूने, हुकाच्या शेजारी, दोन्हींपैकी कोणताही हात पोचेल अशी लावा आणि तिचे दुसरे टोक सेफ्टी लाइनच्या शेवटच्या कडीत अडकवा. लीशच्या रिलीजलाही उद्यमबाग दादांनी सांगितलेली भाराखालची चाचणी लागू आहे. बहुतेक जण चिकन लूप तपासतात आणि लीश वर्षानुवर्षे तशीच राहते, असा माझा अनुभव आहे. हार्नेसच्या खिशात हुकाच्या आकाराचा लाइन कापण्याचा सुरा असतो. तो आहे का आणि गंजलेला नाही ना, तेही पाहा. पायाला किंवा हाताला लाइनचा वेढा बसला तर रिलीजचा उपयोग होत नाही, तिथे हा सुराच कामाला येतो.

पाण्यात रिलीज केल्यानंतरचे कामही शिकून घ्या. काइट फ्लॅग झाली की सेफ्टी लाइन हाताने आपल्याकडे ओढत बारपर्यंत जायचे, ती लाइन ताणलेली ठेवूनच बारवर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायची, तिला अडकवून टाकायचे आणि मग बाकीच्या लाइन गुंडाळत काइटपर्यंत पोचायचे. हवा भरलेली काइट माणसाला तरंगत ठेवते आणि तिची दोन टोके धरून शिडासारखा वाराही पकडता येतो. तळहाताला किंवा बोटाला लाइन गुंडाळून ओढू नका; काइटने पुन्हा वारा धरला तर बोट जाते. तुमच्या प्रशिक्षकाकडून एकदा खोल पाण्यात हे सगळे करून घ्या. ते प्राथमिक शिक्षणात शिकवलेले असते, पण एकदाच, आणि एकदा केलेले हाताच्या लक्षात राहत नाही.

---

घटप्रभाकाठ (हुक्केरी)

शहापूरकर सर, तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. आमची शेती हिडकलच्या फुगवट्याच्या काठाला आहे आणि या पाण्यावरचा वारा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. लांबून पाहणाऱ्याला हा विस्तार समुद्रापेक्षा शांत आणि म्हणून सुरक्षित वाटतो. माझे मत याच्या उलट आहे.

समुद्रावरून येणारा दुपारचा वारा मैलोनमैल सपाट पाण्यावरून येतो. आमच्याकडचा वारा टेकड्यांवरून उतरतो, झाडांच्या रांगांवरून फुटतो आणि पाण्यावर पोचेपर्यंत त्याचे तुकडे पडलेले असतात. एका ठिकाणी पान हलत नाही आणि शंभर पावलांवर पाण्याला काटा येतो. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी आभाळ भरून आले की पाऊस पोचण्याच्या आधीच वाऱ्याची जी धाव येते तिच्यासमोर गवताची गंजी टिकत नाही, तिथे नऊ मीटरची काइट हातात धरलेल्या माणसाचे काय होईल, याचा विचार करावा. त्या आभाळात वीजही असते.

दुसरी गोष्ट पाण्याखालची. हुन्नूरचे विठ्ठलाचे देऊळ या धरणाच्या पाण्यात गेलेले आहे आणि पाणी उतरले की ते वर दिसू लागते, हे आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. देऊळ दिसते म्हणून लक्षात राहते. पण त्याच्या आजूबाजूला जुन्या भिंती, बांध आणि झाडांचे बुंधे आहेत, आणि पाण्याची पातळी महिन्यागणिक बदलत असल्यामुळे गेल्या वेळी जिथे खोल होते तिथे या वेळी बुंधा असतो. सैल पडलेली लाइन त्यात अडकली तर काइट एका बाजूने बांधली जाते आणि ताईंनी सांगितलेले फ्लॅग होणे तिथे घडेलच असे नाही. काठावर बाभळी आहेत, शेतीपंपांच्या विजेच्या तारा आहेत, आणि ओल्या लाइनमधून वीज वाहू शकते. काठावर जीवरक्षक नाही, मदतीची होडी नाही. धरण ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी लागते ही बाब आणखी निराळी.

वाऱ्याच्या दिशेविषयीही सांगतो. समुद्रावर किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे येणारा वारा तुम्ही निवडू शकता, आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा असेल त्या दिवशी काइट उघडायची नाही एवढे पाळले की बरेच साधते. जलाशयाला चारही बाजूंनी काठ असल्यामुळे वारा कोणताही असो, तुमच्या पुढे केव्हातरी काठ येणारच, आणि तो वाळूचा नसून दगडांचा असतो.

आमच्या गोठ्यात जनावर नेहमी सुरगाठीने बांधतात. गोठ्याला आग लागली किंवा जनावर दाव्यात पाय अडकून पडले तर एका झटक्यात सुटले पाहिजे, म्हणून. माझे आजोबा आम्हा मुलांना डोळे मिटून ती गाठ बांधायला आणि सोडायला लावत, कारण आग लागते तेव्हा धुरात काही दिसत नाही, असे ते सांगत. वापरून वापरून दावे कडक झाले आणि सुरगाठ निरगाठीसारखी आवळू लागली की ते दावे लगेच बदलत. तुमच्या लाल नळीविषयी वाचताना मला त्याचीच आठवण झाली.

---

शहापूरकर (बेळगाव)

हिडकलचा विचार मी सोडून दिला आहे. आता चाचणीचा वृत्तान्त लिहितो, म्हणजे माझ्यासारख्या इतरांना उपयोग होईल.

आमच्या माजघरात झोपाळ्याच्या कड्या आहेत. पहिल्या दहा वेळांत, उजव्या हाताने, रिलीज प्रत्येक वेळी सुटले आणि मला बरे वाटले. डाव्या हाताने मात्र चौथ्या आणि सातव्या वेळी नळी अर्ध्यावर अडली आणि दुसरा झटका द्यावा लागला. कोमट पाण्यात ठेवून नळी हलवत राहिलो तेव्हा चिमूटभर रव्याएवढी वाळू तळाशी जमली. त्यानंतर वीसच्या वीस वेळा ते सुटले. पण सुकवून उजेडात पाहिले तेव्हा नळीच्या कडेला एक बारीक चीर दिसली. उद्यमबाग सरांनी लिहिले नसते तर मी तिला ओरखडा समजलो असतो. उत्पादकाकडे त्या मॉडेलचा संपूर्ण रिलीज संच मिळतो असे कळले, तो मागवला आहे आणि तो येईपर्यंत काइट बॅगेतच राहील. लीश आखूड घेतली आणि पुढे लावली. डिपॉवर लाइनचे आवरण दोन जागी फाटले होते, तीही बदलतो आहे.

‘सोड’ म्हणण्याचे काम माझ्या पत्नीने अंगावर घेतले आहे. पहिल्या दिवशी शब्द ऐकल्यावर मी आधी खाली पाहत होतो. आज नववा दिवस आहे आणि बहुतेक वेळा शब्द संपण्याआधी बार सुटलेला असतो. डावा हात मात्र अजून मागे आहे. आता एकच शंका राहिली आहे. माझा मित्र मदतीला असतो, पण त्याला कोणी काही शिकवलेले नाही. त्याला काय सांगू?

---

घाटवाट (निपाणी)

त्याला सर्वांत आधी हे सांगा की तुम्ही फरफटत असाल तेव्हा लाइन हाताने धरायची नाही, मग कितीही वाईट दिसत असले तरी. ताणलेली लाइन तळहात हाडापर्यंत कापते. तो तुमच्या हार्नेसला मागून धरू शकतो आणि मोठ्याने ‘सोड’ ओरडू शकतो. घरी तुम्ही याच शब्दाचा सराव करता आहात, म्हणून त्यानेही हाच शब्द वापरावा.

लाँचच्या वेळी त्याने काइट पुढच्या फुगीर कडेच्या मधोमध धरून उभे राहायचे, चारही लाइनवरून नजर फिरवायची, आणि तुमचा अंगठा दिसल्यावरच काइट सोडायची. हवेत फेकायची नाही. लाइन गुंतलेली दिसली किंवा तुमच्यापासून वाऱ्याच्या दिशेला निदान पन्नास मीटरपर्यंत माणूस, कुत्रे, खुर्ची, होडी असे काही असले तर तुम्ही अंगठा दाखवला तरी त्याने मान हलवून नकार द्यायचा, आणि तो नकार तुम्ही मानायचा. लँडिंगसाठी तुम्ही डोक्यावर हात थोपटाल. काइट हाताशी येईपर्यंत त्याने जागा सोडून पुढे धावायचे नाही. धरल्यावर ती पालथी करून फुगीर कड वाऱ्याकडे ठेवायची आणि तिच्यावर वाळू टाकायची. वाळू पडेपर्यंत तुम्ही हुकातून सुटायचे नाही.

नवा संच आला की ज्या रविवारी याल त्या दिवशी वारा सुरू होण्याच्या तासभर आधी पोचा. मी तिथे असेन. हवा भरलेली काइट हातात देऊन तुमच्या मित्राकडून हे सगळे पाच-सहा वेळा करून घेऊ, आणि पहिले लाँच झाल्यावर काइट पाण्याच्या बाजूला खाली ठेवून तुम्ही मुद्दाम रिलीज करा, डाव्या हाताने.